विमा-अयोग्य जोखीम

विमा-अयोग्य जोखीम : परवडणाऱ्या हप्त्यात जिचा भार घ्यायला कोणतीही विमा कंपनी तयार होत नाही अशी जोखीम. युद्ध व अणुदुर्घटना सर्वसाधारण विमापत्रांतून वगळलेल्या असतात. दुष्काळाचे दुखणे मात्र वेगळे. आग लागली तर बाजारातली एक-दोन दुकाने जळतात आणि बाकीच्यांच्या हप्त्यांतून त्यांची भरपाई निघते. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यात पावसाने ओढ दिली की सोयाबीन सगळ्याच महसूल मंडळांत वाळते, बहुधा शेजारच्या केज-परळीतही. हप्ता भरणारे आणि भरपाई मागणारे तेच.

अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७० च्या दशकात क्षेत्रनिहाय विम्याचा आग्रह धरला. प्रत्येक शेताचा पंचनामा करण्यापेक्षा पीक कापणी प्रयोगांतून परिसराचे सरासरी उत्पादन काढावे, हे त्यातले सूत्र. त्याने नुकसान मोजण्याचा व लबाडीचा प्रश्न बराच सुटला; सर्वांवर एकदम येणाऱ्या संकटाचा सुटला नाही.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली. खरीप अन्नधान्य व गळीत पिकांसाठी शेतकऱ्याचा वाटा विमा संरक्षित रकमेच्या कमाल २ टक्के. उरलेला हप्ता केंद्र व राज्य सरकारांचा. तरीही वारंवारच्या दुष्काळामुळे विमा कंपन्यांनी बीड जिल्ह्याकडे पाठ फिरवली. २०१९-२० च्या रब्बीत जिल्ह्यासाठी एकही निविदा आली नाही. विम्याची सर्वाधिक गरज असलेला जिल्हाच बाजाराने टाळला.

तोड निघाली २०२० च्या खरिपात. भारतीय कृषी विमा कंपनी या सरकारी कंपनीने ‘बीड पॅटर्न’नुसार काम घेतले. भरपाई एकूण हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा बोजा राज्य सरकारचा. ८० टक्क्यांखाली राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवून बाकी रक्कम सरकारला परत करायची. म्हणजे जोखीम विमायोग्य झाली नाही, तिचा न पेलणारा भाग करदात्यावर गेला, इतकेच. हे वाईट नव्हे, पण त्याला निव्वळ विमा म्हणणेही बरोबर नाही. पहिल्याच हंगामात भरपाईपेक्षा हप्ता कितीतरी अधिक जमला. सरकारला परतावा मिळायचा होता. पीक गेलेल्या, पण मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या (ज्याखाली गेल्यास भरपाई मिळते त्या पातळीच्या) वर राहिलेल्या शेतकऱ्याला त्यातून काही मिळण्याची तरतूद नव्हती.

पुढे बीड पॅटर्न राज्यभर गेला. शेतकऱ्याने फक्त एक रुपया भरायची २०२३ मधील ‘एक रुपयात पीक विमा’ योजनाही त्यावरच चालली. एक रुपयाची ती सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली.