ट्रामच्या आगाराची साक्ष

मुंबईत ट्राम कधी सुरू झाली, याची दोन साले छापील मजकुरांत आढळतात : १८७३ आणि १८७४. कागद ओळीने लावले की घोळ मिटतो. ‘बॉम्बे ट्रामवे कंपनी’ स्थापन झाली १८७३ मध्ये. ट्रामवे कायदा १८७४ चा, आणि घोड्यांची ट्राम प्रत्यक्ष धावली ती ९ मे १८७४ रोजी. पहिले साल कंपनीचे, दुसरे गाडीचे. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई, तर दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीलाच. भाडे तीन आणे होते आणि तिकीट नव्हते. पुढे भाडे दोन आण्यांवर उतरले आणि फुकटे प्रवासी वाढल्यामुळे त्याच वर्षी तिकिटेही काढावी लागली.

गाडीचा इतिहास असा सालवार सांगता येतो. पण गाडी रात्री जिथे उभी राहते, सकाळी जिथून सज्ज होऊन निघते, त्या आगाराची दखल सहसा कोणी घेत नाही. त्यासाठी कागदांतले आकडे वेगळ्या नजरेने वाचावे लागतात. ट्राम चालवणाऱ्या स्टर्न्स अँड किट्रिज या अमेरिकन पेढीकडे ९०० घोडे असल्याची नोंद आहे. तिचे कार्यालय कुलाबा कॉजवेच्या पश्चिमेला, आज इलेक्ट्रिक हाऊस उभे आहे त्या जागी होते. आता ९०० घोडे म्हणजे काय? डबा ओढणारी जोडी थोड्या तासांतच थकते, म्हणून एका डब्याला दिवसभरात अनेक जोड्या लागतात. म्हणजे ठाणबंद तबेले, पाण्याचे हौद, गवताच्या गंज्या, दाण्याची कोठारे, नालबंदांच्या भट्ट्या, खरारा करणारे मोतद्दार आणि रोज उचलायची लीद. एका आकड्यातून अख्खे आवार उभे राहते, आणि त्यात राबणारी माणसेही.

या पेढीतल्या जॉर्ज किट्रिज यांच्यामुळे ट्रामची गोष्ट रुळांपलीकडे जाते. स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून त्यांनी सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासह निधी उभारला. १८८३ मध्ये डॉ. एडिथ पीची मुंबईत आल्या त्या याच प्रयत्नातून. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला जाण्याचे बळ ज्यांनी दिले, त्यांत पीची होत्या. या निधीचा इतिहास किट्रिज यांनीच लिहिला आणि तो १८८९ मध्ये छापला गेला. ट्रामच्या कागदांशेजारी ही पुस्तिका ठेवली तर कुलाब्याचे ते आवार मुंबईच्या सामाजिक इतिहासातही जागा मागते.

पुढचा टप्पा विजेचा. १८९९ मध्ये कंपनीने विजेच्या ट्रामसाठी अर्ज केला. खर्च मोठा असल्याने, ट्राम ताब्यात घेण्याचा १९०१ मध्ये लागू होणारा हक्क पालिकेने सोडावा, अशी तिची अपेक्षा होती. पालिकेने उलट ट्राम ताब्यात घ्यायचे ठरवले, पण कायद्याच्या अडचणी आल्या. अखेर ३१ जुलै १९०५ रोजी पालिका, ट्रामवे कंपनी आणि ब्रश इलेक्ट्रिकल कंपनी यांच्यात करार झाला आणि ‘बेस्ट’ या वीज आणि ट्राम कंपनीचा पाया पडला. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. त्याबरोबर आगाराची गरजही बदलली. तबेल्यांऐवजी पंख्यासारखे पसरलेले रूळ, गाडीखाली उतरून तपासणी करण्याचे खड्डे, डोक्यावर विजेची तार. सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. तिला दारही उंच लागते आणि छपरही. १५ जुलै १९२६ रोजी मोटारबस सुरू झाली, ७ ऑगस्ट १९४७ रोजी बेस्ट कंपनी महापालिकेकडे आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली.

त्यानंतर झपाट्याने सगळे पुसले गेले. हुतात्मा चौकात खोदकामात जुने रूळ हाती लागले, तेव्हा लोकांनी ते कुतूहलाने पाहिले. भाटिया बागेत २०२२ मध्ये ट्रामचा डबा उभा केला, तो कोलकात्याहून आणावा लागला. मुंबईच्या ट्रामची तिकिटे आणि यंत्रे पाहायची तर आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात जावे लागते. म्हणून जागेचा पुरावा मोलाचा. गाडी मोडीत निघाली तरी आवाराची मोजमापे, भिंतींची जाडी, रुळांची दिशा यांवरून काम कसे चाले हे ताडता येते.

आगारे जपावीत हा आग्रह कायद्याच्या चौकटीबाहेरचा नाही. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत वास्तूचे मोल ठरवताना स्थापत्यसौंदर्याबरोबर सामाजिक-आर्थिक इतिहास आणि तंत्रज्ञानाची वाटचाल हेही निकष मानले आहेत. घुमट आणि कमानी नसलेल्या आगाराला हेच दोन निकष लागू पडतात. जपणूक म्हणजे वापर थांबवणे नव्हे. सिडनीतले रोझेलचे ट्राम आगार १९०४ मध्ये सुरू झाले, १९५८ मध्ये बंद पडले आणि बराच काळ मोडकळीस आलेले होते. २०१६ मध्ये ते दुकाने आणि खाण्याच्या जागांसाठी खुले झाले, पण करवतीच्या दातांसारखे छप्पर राखून. नवा वापर आणि जुनी ओळख एकत्र नांदू शकतात.

हीच गोष्ट बसच्या आगारांनाही लागू आहे. मराठवाड्यातल्या आखाडा बाळापूरला ट्राम कधी आली नाही. हे गाव हिंगोली-नांदेड रस्त्यावरचे, तिथला प्रवास बसचा. पण तोही इतिहासच आहे. तेव्हा मराठवाड्यावर राज्य असलेल्या निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये रस्ता वाहतूक विभाग काढला तेव्हा त्याच्याकडे २७ बस आणि १६६ कर्मचारी होते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाले. हिंगोली, कळमनुरीची आगारे याच साखळीतली. त्यांच्या जुन्या शेडवर हातोडा पडण्याआधी आराखडे, हजेरीपट, वेळापत्रके आणि छायाचित्रे एकत्र करून जिल्ह्याच्या ठिकाणी जतन व्हायला हवीत, आणि निवृत्त चालक, वाहक, मेकॅनिक यांच्या आठवणी लिहून घ्यायला हव्यात. मुंबईला आपली ट्राम कागदांतून पुन्हा जुळवावी लागली. मराठवाड्याकडे माणसेही आहेत आणि इमारतीही. ती आहेत तोवर हे काम सोपे आहे, आणि ते आत्ताच करण्याजोगे आहे.