खबर नांगराची

लोखंडानं जमीन विषारी होते, अशी बेळगावकडच्या शेतकऱ्यांची सव्वाशे वर्षांपूर्वी पक्की समजूत होती. विसावं शतक नुकतंच उजाडलं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावातल्या आपल्या लहानशा कारखान्यात लोखंडी नांगर ओतले, जुळवले, रंगवून उभे केले आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत बसले. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. नांगरात खोट नव्हती. लाकडी नांगर नुसती चीर पाडतो तिथं हा माती उलथून टाकत होता. पण शेतकरी दुरून बघायचा, हात लावायचा आणि निघून जायचा.

आज या समजुतीला हसणं सोपं आहे. तिच्यामागचा हिशेब मात्र अगदीच वेडा नव्हता. लाकडी नांगर गावच्या सुतारानं घडवलेला असे, त्याचा फाळ लोहार पाजवून देई आणि दोघांचं देणं सुगीला बलुत्याच्या रूपानं फिटे. रोख पैसा लागत नसे. लोखंडी नांगराला रोकड मोजायची, त्याचा एखादा भाग मोडला तर बेळगावची वाट धरायची आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुतार-लोहाराशी वाकडं घ्यायचं, एवढं सगळं त्या एका खरेदीत येत होतं. ‘जमिनीला विष होतं’ हे सांगायचं कारण झालं. खरी अडचण विश्वासाची होती, आणि विश्वास भट्टीत ओतता येत नाही.

महाराष्ट्रात जनसंपर्काच्या धंद्याचा उगम शोधायला लोक सहसा मुंबईच्या कचेऱ्यांकडे वळतात. त्यात चूकही काही नाही. गिरगावात १९०५ साली बी. दत्ताराम या नावानं जाहिरातीची एजन्सी उघडली होती आणि देशातल्या सर्वांत जुन्या एजन्सींमध्ये तिचं नाव घेतात. पण या धंद्यातल्या नवशिक्याचं पहिलं पाऊल कसं पडतं, लहान उद्योगाला प्रसिद्धीखात्याची गरज कुठून उपजते, हे पाहायचं असेल तर त्या न खपणाऱ्या नांगरापाशीच थांबावं लागतं.

अनोळखी मालासाठी गिऱ्हाईक मिळवण्याचा अनुभव लक्ष्मणरावांना नवा नव्हता. जन्म १८६९चा, गाव बेळगावकडचं गुर्लहोसूर. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही तिथलेच. चित्रकार व्हायचं म्हणून लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले आणि तिथं कळलं की काही रंग आपल्याला नीट ओळखूच येत नाहीत. रंग सोडून त्यांनी यंत्रांचं रेखाटन धरलं आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत. सायकल विकायची तर आधी ती चालवता येणारा माणूस तयार करायला हवा, म्हणून रामूअण्णा पंधरा रुपये घेऊन सायकल चालवायला शिकवत. माल पोचण्याआधी गिऱ्हाईक घडवायचं, ही युक्ती किर्लोस्करांच्या घरात अशी पहिल्यापासून होती. पुढं बढतीत डावललं गेल्यावर लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडली. बेळगावात कडबा कापायची यंत्रं आणि मग नांगर, असा कारखाना सुरू झाला. सायकल शहरी हौसेची चीज होती. नांगराचं गिऱ्हाईक खेड्यात होतं आणि त्याला पंधरा रुपयांत काही शिकवता येणार नव्हतं.

तशात बेळगावच्या नगरपालिकेनं शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा मागितली. तेव्हा धावून आले औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते १९०९च्या अखेरीस गादीवर बसले होते. औंध संस्थान तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. त्यातल्या कुंडलच्या तुकड्यात, कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळ त्यांनी बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० साली पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले आणि तिथं कारखान्याची वाडी वसली. माळ निवडुंगानं भरलेला होता. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढं इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावातही निवडुंग आहे, आणि सोबतीला गुलाब.

इथं एक गंमत नोंदवायला हवी. औंधचा हा राजा स्वतः चित्रकार होता. रामायणावरची त्याची चित्रमालिका प्रसिद्ध आहे. ज्याला त्यानं जमीन दिली तो रंग न दिसल्यामुळे चित्रकला सोडलेला माणूस. आणि पुढं या वाडीची खबर महाराष्ट्रभर ज्यानं पोचवली तो तिसराही चित्रकारच.

या तिसऱ्याचं नाव शंकर वासुदेव किर्लोस्कर. लक्ष्मणरावांचा पुतण्या, जन्म १८९१चा. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखले जातात, पण त्याआधी ते लाहोरात चित्रशाळा चालवत. शंकररावांनी त्यांच्या हाताखाली चित्रकलेचे धडे गिरवले आणि परत येऊन काकांच्या कारखान्यात रुजू झाले. त्यांना काम मिळालं ते प्रसिद्धीचं. आज ज्याला ‘करिअर’ म्हणतात त्याची अशी सुरुवात कुठल्या शिक्षणक्रमात बसत नाही. ना त्या धंद्याचं मराठीत नाव रुळलेलं, ना शिकवणारा कुणी. हाताशी होता तो बोरू, काळी शाई आणि रंगवलेले पण मनात न बसलेले नांगर.

लहान कारखान्यात प्रसिद्धीखातं म्हणजे बहुधा एक टेबल आणि एक माणूस. मालाचं सूचिपत्र लिहायचं, त्यातली यंत्रांची चित्रं काढायची, ब्लॉक करून घ्यायचे, वर्तमानपत्रांत जाहिराती द्यायच्या, ठिकठिकाणच्या एजंटांना पत्रं लिहायची, प्रदर्शनं मांडायची आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची, असं त्या टेबलावरचं काम. चित्रकाराला यातलं अर्धं काम सोपं जातं. उरलेल्या अर्ध्यासाठी शेतकऱ्याला समजेल अशी भाषा लागते. शंकररावांकडे ती होती, आणि विनोदाची पकडही होती. पुढं त्यांच्या व्यंगचित्रांचं पुस्तकही निघालं.

१९२० साल वाडीसाठी दोन कारणांनी महत्त्वाचं. महायुद्ध संपलं होतं आणि मालाला मागणी वाढली होती. किर्लोस्कर बंधूंची घरगुती भागीदारी त्या वर्षी मर्यादित कंपनी झाली आणि तिचे भाग लोकांना खुले झाले. म्हणजे आता विश्वास फक्त शेतकऱ्याचा मिळवून भागणार नव्हतं. कधी वाडी न पाहिलेल्या माणसांचाही हवा होता. आणि त्याच वर्षी शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं पत्र काढलं.

कारखानदारानं मासिक काढावं ही कल्पना जगात नवी नव्हती. अमेरिकेत जॉन डियर या नांगरवाल्या कंपनीनंच १८९५ साली ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचं नियतकालिक सुरू केलं होतं. नावाचा अर्थ नांगराचं तास. मोटारवाल्या फोर्डचं ‘फोर्ड टाइम्स’ १९०८चं. न्यू यॉर्कमध्ये एडवर्ड बर्नेज आणि डोरिस फ्लाइशमन यांनी जनसंपर्काची कचेरी उघडली ती १९१९ साली, ‘खबर’च्या एकच वर्ष आधी. बर्नेजच्या नावानं आज जगभर विद्यार्थी परीक्षा देतात. त्याच्यात आणि शंकररावांत फरक एवढाच नव्हे, पण ठळक असा की बर्नेज दुसऱ्यांचा माल घेऊन बाजारात उभा होता, नवा अशील आला की त्याची भाषा बदले. शंकररावांना रोज सकाळी त्याच फौंड्रीचा भोंगा ऐकू येई. जे लिहिलं ते चुकीचं निघालं तर एजंटाचं पत्र थेट त्यांच्याच टेबलावर.

‘खबर’ सुरू झाली तेव्हा यंत्रं, शेती आणि कारखाना हाच तिचा जीव होता. काकांच्या मालाची ओळख करून देणं हे तिचं उघड काम. पण केवळ नांगराच्या गुणगानावर मासिक चालत नाही, हे तिच्या संपादकानं लवकर ओळखलं असावं. उद्योगात वर आलेल्या माणसांच्या हकिकती आल्या, मग गोष्टी आल्या, मग वाद आले. पुढं ‘खबर’ हा शब्द गळाला आणि मासिक नुसतं ‘किर्लोस्कर’ झालं. फडके-खांडेकरांच्या पिढीचे लेखक त्यात लिहू लागले. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख तीसच्या दशकात त्यात आले. गायीला उपयुक्त पशू म्हणणाऱ्या माणसाचे लेख शेतकऱ्याला नांगर विकणाऱ्या कंपनीच्या मासिकात छापायचे, याला धंद्याच्या भाषेत काय म्हणावं? कुठल्याही सावध प्रसिद्धी-अधिकाऱ्यानं ते पहिल्या वाचनातच बाजूला ठेवले असते. शंकररावांनी ठेवले नाहीत, आणि लक्ष्मणरावांनी पुतण्याला ते बाजूला ठेवायला लावलं असंही दिसत नाही. यामुळे नांगराच्या खपाचं काय झालं ते आकड्यांत सांगता येत नाही, पण मासिकाचं वजन वाढलं. नांगर न पाहिलेल्या घरांत किर्लोस्करांचं नाव पोचलं ते याच वाटेनं.

१९३० साली ‘स्त्री’ निघालं आणि १९३४ साली ‘मनोहर’. ‘स्त्री’ची वेळ जरा ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२९च्या ईस्टरला, बर्नेजनं न्यू यॉर्कच्या रस्त्यावर तरुणींना सिगारेटी पेटवायला लावल्या होत्या आणि वर्तमानपत्रांना ही स्वातंत्र्याची मशाल असल्याचं सांगितलं होतं. पडद्यामागं अर्थात सिगारेट कंपनी. इकडं कुंडलच्या माळावर एका नांगर-पंपाच्या कारखान्यातून बायकांसाठी मासिक निघत होतं, आणि त्यातून बायकांना विकायला किर्लोस्करांकडे फारसं काही नव्हतंच. नांगर काही त्या विकत घेणार नव्हत्या. जनसंपर्काच्या पोथीतलं हे प्रकरण उलटं आहे. धंद्यासाठी काढलेलं पत्र धंद्याला विसरून पुढं निघालं.

मासिकांच्या मागं वाडीतच छापखाना उभा राहिला. ‘गोट्या’चे जनक ना. धों. ताम्हनकर या मासिकांच्या संपादनात होते. एका बाजूला ओतकाम, दुसऱ्या बाजूला जुळाऱ्यांची खिळ्यांची टकटक, असं ते दृश्य. शेजारी कऱ्हाडजवळ औंधच्याच मुलखात ओगल्यांचा काचेचा कारखानाही उभा होता. त्यांच्या ‘प्रभाकर’ कंदिलाला मात्र मासिक काढावं लागलं नाही. रोज संध्याकाळी पेटला की त्याची जाहिरात आपोआप होई. प्रत्येक मालाला वेगळी भाषा लागते ती अशी.

मोठ्या उद्योगांना जनसंपर्काची जाग नंतर आली. टाटांनी मुंबईत जनसंपर्क विभाग उघडला तो १९४३ साली. या व्यवसायातल्या लोकांची देशव्यापी संस्था, पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया, १९५८ साली उभी राहिली. पहिली अखिल भारतीय परिषद दिल्लीत १९६८च्या २१ एप्रिलला भरली आणि तोच दिवस आता राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळतात. त्या वेळेपर्यंत ‘किर्लोस्कर’ला जवळजवळ अर्धशतक होत आलं होतं. शंकररावांना मराठी वाचक ‘शंवाकि’ या सहीनं ओळखत होते, तेही संपादक म्हणून; त्यांच्या पेशाला जनसंपर्क म्हणतात हे वाचकांच्या ध्यानीमनी नव्हतं. लक्ष्मणरावांचं चरित्र त्यांनी ‘यांत्रिकाची यात्रा’ या नावानं लिहिलं आणि स्वतःचं ‘शंवाकीय’ या नावानं. १९७५च्या पहिल्याच दिवशी ते गेले.

मासिकं त्यांच्यानंतरही काही काळ चालली. विद्या बाळ ‘स्त्री’च्या संपादन विभागातच घडल्या, तिच्या संपादक झाल्या, आणि तिथून बाहेर पडल्यावर १९८९ साली पुण्यात त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. त्या मासिकाची वंशावळ काढत मागं गेलं तर माणूस ‘स्त्री’ला, तिथून ‘खबर’ला आणि शेवटी बेळगावच्या न खपलेल्या नांगरांपाशी येऊन पोचतो.

कुंडल रोड हे नाव मात्र रेल्वेच्या वेळापत्रकातून केव्हाच गेलं. पुणे-मिरज मार्गावरच्या त्या स्टेशनाची पाटी आता किर्लोस्करवाडी अशी आहे. तिकीट खिडकीवर उभे राहणारे लोक कंपनीचं नाव रोज मोठ्यानं उच्चारतात, आणि तेही स्वतःच्या खिशातून पैसे मोजून.