मूळ झऱ्याची गोष्ट

प्रागच्या पश्चिमेला, आगगाडीने दीडेक तासाच्या अंतरावर, प्लझेन हे शहर आहे. जर्मन भाषक त्याला पिल्सेन म्हणत आणि जगाने तेच नाव उचलले. 'पिल्सनर' म्हणजे पिल्सेनची बिअर. पण आज कोणत्याही देशात तयार झालेल्या फिकट सोनेरी बिअरला हे नाव लावतात. विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते हे पाहण्यासाठीच आम्ही तेथे गेलो, असे म्हटले तर ते पूर्णपणे खरे ठरणार नाही. पण तेथून परतताना डोक्यात राहिली ती भाषेचीच गोष्ट.

ब्रुअरीत शिरताना दोन कमानींचे दगडी प्रवेशद्वार लागते. ते १८९२ साली, पन्नास वर्षे पूर्ण झाल्याच्या स्मरणार्थ उभारलेले. तेथून मार्गदर्शक आपल्याला ताब्यात घेतो आणि कथा सुरू होते. १२९५ साली राजा दुसरा व्हाक्लाव्ह ह्याने शहर वसवले आणि नागरिकांना बिअर गाळण्याचा हक्क दिला. पुढे बिअरचा दर्जा इतका घसरला की १८३८ साली छत्तीस पिंपे नगरभवनासमोर ओतून देण्यात आली. मग हक्कदार नागरिकांनी एकत्र येऊन नवी ब्रुअरी बांधायचे ठरवले, बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाच्या तरुणाला बोलावले, आणि ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा चढवला. बिघडलेला काळ, लोकांचा कोप, परमुलखातून आलेला जाणता पुरुष आणि शेवटी सोनेरी चमत्कार! कोणत्याही कीर्तनकाराने हेवा करावा असे हे आख्यान आहे, आणि आमच्या मार्गदर्शकाने ते रंगवलेही छान.

ह्या आख्यानाचा नायक तेथे राहिला किती काळ? अवघी तीन वर्षे. १८४५ साली करार संपला, तो पुन्हा झाला नाही आणि ग्रोल आपल्या फिल्सहोफेन ह्या गावी परतला. ती बिअर ज्या गोष्टींतून घडली त्यांतही त्याच्या एकट्याचे असे फार थोडे होते. थंडीत, पिंपाच्या तळाशी बसून काम करणारे यीस्ट ही बव्हेरियाची रीत. धुराचा स्पर्श होऊ न देता माल्ट वाळवायचे आणि त्याचा रंग फिका राखायचा, हे तंत्र इंग्लंडचे. हॉप्स झाटेक परिसरातले. आणि पाणी प्लझेनचे, विलक्षण मृदू. ही सगळी सामग्री एका जागी जमली हे खरे कारण. पण कारणाला चेहरा नसतो. वाङ्मयेतिहासात एखाद्या प्रकाराचा 'जनक' शोधताना आपणही हेच करत आलो आहोत, तेव्हा इतरांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही.

नावाची कथा अधिक बोलकी आहे. बाटलीवर 'पिल्सनर उर्क्वेल' असते. चेक भाषेत 'प्राझ्द्रोय'. दोन्हींचा अर्थ मूळ झरा, आद्य स्रोत. हे नाव १८४२चे नाही. ते १८९८ साली नोंदले गेले. म्हणजे आपण मूळ आहोत हे सांगण्याची गरज छप्पन्न वर्षांनी पडली, जेव्हा युरोपभर नकला होऊ लागल्या होत्या. प्रती निघाल्यावरच एखादी प्रत 'मूळ' ठरते, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना सांगायला नको. आणि ते नाव जर्मन आहे. १९४५नंतर चेकोस्लोव्हाकियातून बहुसंख्य जर्मन भाषकांना घालवून देण्यात आले. माणसे गेली, पण निर्यातीच्या बाटलीवर त्यांचा शब्द राहिला. १९४६ साली ब्रुअरीचे राष्ट्रीयीकरण झाले. २०१७पासून ती आसाही ह्या जपानी कंपनीकडे आहे. तासा-दीड तासाच्या फेरीत हे सारे मावणार नाही. तळघरातल्या बिअरची ओढ लागलेल्या पाहुण्यांना ते कोण ऐकवणार?

तळघरे मात्र थक्क करणारी आहेत. हाताने खोदलेले सुमारे नऊ किलोमीटरांचे बोगदे, ओलसर भिंती, हाडांत शिरणारी थंडी. आजची बिअर पोलादी टाक्यांत तयार होते. पण थोडी अजूनही ओकच्या पिंपांत जुन्या रीतीने मुरवतात, नव्या बिअरची चव तिच्याशी ताडून पाहता यावी म्हणून. फेरीच्या अखेरीस तीच, न गाळलेली, पेल्यात मिळते. प्रमाण प्रत प्राशन करण्याचा योग आम्हांला आयुष्यात प्रथमच आला. ती किंचित गढूळ होती आणि उत्तम होती.

त्या थंडीत आम्हांला एक दुसरी ब्रुअरी आठवली. १९७४ साली, लेखनावर बंदी असताना, व्हाक्लाव्ह हावेल ह्यांनी त्रुत्नोव्हच्या ब्रुअरीत काम केले. त्यातून १९७५ साली 'ऑडियन्स' ही एकांकिका आली. त्यात व्हानेक हा लेखक अशाच थंडीत पिंपे लोटतो आहे. ब्रुअरीतला वरिष्ठ त्याला बिअरवर बिअर पाजत गोदामातले उबदार काम देऊ करतो. अट एकच : व्हानेकवर पाळत ठेवून जे अहवाल पाठवावे लागतात, ते व्हानेकनेच लिहून द्यावेत, तो लेखक आहे, त्याला जमेल. व्हानेक नकार देतो. तेव्हा तो वरिष्ठ उसळतो : तुम्हांला तत्त्वे परवडतात, आमचे काय? नाटकाची सहानुभूती त्या क्षणी कोणाकडे आहे, ह्यावर आमच्यात परतीच्या वाटेवर बराच वाद झाला आणि तो मिटला नाही.

बोहुमिल ह्राबाल ह्यांचे बालपण न्यिंबुर्कच्या ब्रुअरीत गेले. सावत्र वडील तेथे व्यवस्थापक होते. त्या ब्रुअरीवर आपली स्मृतिपाटी नको, लावायचीच तर कुत्रे मुततात त्या उंचीवर लावा, असे ते म्हणाले होते. ती तशीच, जमिनीलगत लावली आहे. १८९२च्या कमानीखालून बाहेर पडल्यावर आम्ही स्थानकावर गेलो आणि न्यिंबुर्कला जाणाऱ्या गाडीची चौकशी केली.