जटपुरा गेट, एक घाबरट कुत्रं आणि १९६१ चा पेपर

गडचिरोलीतल्या एका खेड्यातून मी आठ महिन्यांचं कुत्रं चंद्रपुरात आणलं. गावात ते बिनधास्त फिरायचं. इथे जटपुरा गेटजवळ ट्रकचा हॉर्न वाजला की शेपूट पायात घालून जागीच बसकण मारायचं. "रोज गर्दीत ने, आपोआप सवय होईल," असं सगळेच म्हणाले. मी नेलं. आठवडाभरात त्याने घराचा उंबरठा ओलांडणंच बंद केलं. मग मी जुने पेपर काढून बसले.

या विषयाचा इतिहास कुत्र्यापासून सुरू होत नाही, हे आधी लक्षात घ्या. १९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर काम केलं. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि त्याला सोसेल तसा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. पुढे जोसेफ वोल्पे यांनी प्रयोगशाळेत घाबरवलेल्या मांजरांना तसंच खाऊ घालत, दूरच्या खोलीपासून टप्प्याटप्प्याने भीतीच्या जागेकडे नेलं. १९५८ च्या त्यांच्या पुस्तकानंतर ही पद्धत माणसांच्या उपचारात रुळली. आज कुत्र्यांचे ट्रेनरही तीच वापरतात.

कुत्र्यांवरचा गाजलेला पेपर १९६१ चा, 'सायन्स'मधला. फ्रीडमन, किंग आणि इलियट यांनी कॉकर स्पॅनियल आणि बीगलची पिल्लं कुंपणाच्या आत, माणसांपासून लांब वाढवली. वेगवेगळ्या वयाला एकेक गट थोडे दिवस माणसांत आणला. कंट्रोल ग्रुपला मात्र १४ आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास मिळाला नाही. ती पिल्लं नंतरही माणसाला बिचकतच राहिली.

इथे मी चुकले. वाचून वाटलं, आपलं कुत्रं आठ महिन्यांचं, म्हणजे संपलंच सगळं. गाईडनी एवढंच विचारलं, "कंट्रोल ग्रुपला नेमकं काय मिळालं नव्हतं?"

माणूस! माझ्या कुत्र्याने माणसं भरपूर पाहिली होती. त्याला नवे होते ते ट्रक आणि हॉर्न. मोठं झालेलं कुत्रं ट्रकची सवय करू शकत नाही, असं त्या पेपरमध्ये कुठेच नाही.

मग आम्ही गेटपासून बऱ्याच लांब, जिथे हॉर्न पुसट ऐकू येतो अशा गल्लीत उभं राहायला लागलो. हॉर्न वाजला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. त्याने अंडं नाकारलं, तर आपण फार जवळ आलो असं समजून मागे फिरायचं. दोन महिन्यांनी ते उभ्या ट्रकशेजारून चालतं. संध्याकाळच्या गर्दीत मी त्याला अजून नेत नाही.

तुम्ही रिव्ह्यू लिहाल तेव्हा निष्कर्षाच्या आधी एक ओळ लिहा: कंट्रोल ग्रुपला काय मिळालं नव्हतं? त्या पिल्लांनी या माहितीची किंमत मोजली आहे. निदान ती नीट वाचणं तरी आपल्या हातात आहे.