प्राथमिक शाळेत इटालियन भाषा : काय शिकवावे, कसे शिकवावे?

(प्रतिनिधी)

अहिल्यानगर : जिल्हा परिषदेच्या शाळेत परदेशी भाषा शिकविता येते, हे शेजारच्या जिल्ह्याने दाखवून दिले आहे. छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचा औरंगाबाद) जिल्ह्यातील गाडीवाट येथील शाळेने २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनाच भाषा निवडण्यास सांगितले. यंत्रमानवाच्या ओढीने मुलांनी जपानी निवडली. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या शाळेने इटालियन निवडल्यास उपयोगी पडेल, अशी ही माहिती.

धोरण : राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये माध्यमिक स्तरासाठी नावे घेतलेल्या परदेशी भाषांत जपानी, फ्रेंच, जर्मन आहेत, इटालियन नाही. त्यामुळे प्राथमिक स्तरावर ती परीक्षेविना, ऐच्छिक उपक्रम म्हणूनच शिकविणे इष्ट.

उच्चार : इटालियन वर्णमालेत २१ अक्षरे असून भाषा बहुतांशी लिहिली जाते तशीच वाचली जाते. तिचे 'त' व 'द' मराठीप्रमाणेच दंत्य आहेत. जोडाक्षराने अर्थ बदलतो. 'पाला' म्हणजे फावडे, तर 'पाल्ला' म्हणजे चेंडू. 'पती' व 'पत्ती' यांतील फरक जाणणाऱ्या मुलांना हे सहज उमगते.

व्याकरण : मराठीत तीन लिंगे, इटालियनमध्ये दोनच. आपले 'पुस्तक' नपुंसकलिंगी, त्यांचे 'लीब्रो' पुल्लिंगी. मित्राला मात्र दोन्हीकडे 'तू'च म्हणतात. सात व आठ या अंकांचे 'सेत्ते' व 'ओत्तो' हे भाऊबंद दोन्ही भाषांचे इंडो-युरोपीय कूळ सांगतात.

संस्कृती : येथे खेळ व गोष्टी उपयोगी पडतात. आंधळी कोशिंबीर तिकडे 'मोस्का चिएका', म्हणजे 'आंधळी माशी', या नावाने खेळली जाते. कार्लो कोलोदी यांचा लाकडी बाहुला पिनोकिओ १८८१ पासून मुलांना भेटत आहे. बालवाडीच्या वाटचालीवर प्रभाव टाकणाऱ्या मारिया माँटेसरी इटलीच्याच. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या होत्या.

मर्यादा : पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी हंगामात गाव सोडतात व मुलांची शाळा तुटते. अशा मुलांचे मराठी वाचन पक्के होणे, ही पहिली गरज आहे. आठवड्यातून एक-दोन तासिका, गाणी व संवाद यांपुरताच उपक्रम ठेवल्यास नवी भाषा ओझे न होता कुतूहल वाढवील. मातृभाषेचा वेळ घेऊन मात्र ती शिकवू नये.