जुना पुणे रस्ता आणि राहून गेलेला फोटो

आपल्या मुलुंडचा लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणजे पूर्वीचा आग्रा रोड. १९७० च्या दशकात वाशीचा खाडीपूल झाला, त्याआधी पुण्याच्या गाड्याही इथूनच ठाणे, मुंब्रा, पनवेल करत जायच्या. आजच्या मुलांना हे खरं वाटत नाही.

बँकेने पुण्याला बदली केली तेव्हा एस.टी.ने खंडाळ्याचा घाट कितीदा चढलो, मोजदाद नाही. हा घाटरस्ता १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला. त्यावरच्या दगडी कमानींच्या पुलाला तिथल्या जाहिरातीवरून सगळे ‘अमृतांजन पूल’ म्हणत. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. गाड्या कमानींखालून धावू लागल्या. वरचा जुना रस्ता वापरातून गेला, दरी बघणाऱ्यांपुरता उरला.

नातवाला तो पूल दाखवायचा होता. ‘पुढच्या सुट्टीत’ म्हणता म्हणता राहिलं. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमुळे रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून पूल पाडला. खाली गाड्यांची कोंडी व्हायची, अपघात व्हायचे. कारण रास्तच होतं. तरी त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढे नातवाला घेऊन गेलो, तर दाखवायला मोकळी जागा. तो म्हणाला, “आजोबा, निदान फोटो?” तोही नव्हता.

म्हणून सभासदांना विनंती, आपल्या सोसायटीच्या पायाभरणीपासूनचे फोटो, पावत्या, पत्रं कपाटात असतील तर याच वर्षी कार्यालयात आणून द्या. पुढच्या सुट्टीवर ठेवू नका.