अँकी ॲपवर इंग्रजी ग्रामरचा सराव कसा करायचा?

इंग्रजी शिकवणारी ॲप्स प्ले स्टोअरवर ढिगाने आहेत. बरीचशी शब्द पाठ करून घेतात. पण आपली गाडी शब्दांवर नाही, वाक्यात अडते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेताना एक वाक्य सारखं कानावर येतं: 'आय ॲम लर्निंग जावा सिन्स टू इयर्स.' पोराला जावा छान येत असतं, पण समोरचा क्लायंट आधी इंग्रजी ऐकतो.

ही चूक मराठीतून येते. आपल्याकडे 'दोन वर्षांपासून' आणि '2022 पासून', दोन्हीकडे 'पासून'च. इंग्रजीत किती काळ ते सांगायला 'फॉर', कधी सुरू झालं ते सांगायला 'सिन्स'. शिवाय 'शिकतोय'चं सरळ 'ॲम लर्निंग' होतं, तिथे 'हॅव बीन लर्निंग' हवं. तसंच 'बद्दल चर्चा'वरून 'डिस्कस अबाउट' येतं. नुसतं 'डिस्कस' पुरतं. ऑटोकरेक्ट यातलं थोडंफार दुरुस्त करेल, पण बोलताना ते कुठून आणणार?

यासाठी मी अँकी सुचवतो. हे फ्लॅशकार्डचं सॉफ्टवेअर 2006 पासून आहे. अँड्रॉइडवर ते 'अँकीड्रॉइड' नावाने फुकट मिळतं, आयफोनवर मात्र पैसे पडतात.

नवीन कार्ड करताना 'क्लोझ' हा प्रकार निवडा. पूर्ण वाक्य लिहा आणि एकच शब्द झाका: 'आय हॅव बीन लर्निंग जावा ___ टू इयर्स.' मागच्या बाजूला कारण मराठीत लिहा. लगेच जोडीचं कार्ड करा, शेवटी '___ 2022'. जोडी नसेल तर डोकं नियम न बघता 'फॉर' ठोकून देतं. उत्तर मोठ्याने, अख्ख्या वाक्यासकट बोला. (लोकलमध्ये पुटपुटलात तरी चालेल.)

मग बटणं येतात: अगेन, हार्ड, गुड, इझी. आठवलं की कार्ड पुढच्या वेळी जास्त दिवसांनी येतं, विसरलात की लवकर. उजळणीशिवाय पाठ केलेलं किती झपाट्याने विसरतं, हे हर्मान एबिंगहाउसने 1885 मध्येच मोजून दाखवलं होतं. विसरला असाल तर 'हार्ड' दाबू नका, 'अगेन'च दाबा. ॲप 'हार्ड'ला 'आठवलं' असंच धरतं आणि पुढचं गणित बिघडतं.

रोज 20 नवीन कार्डं ही मूळ सेटिंग आहे. ती 5 वर आणा, नाहीतर उजळणीचा ढीग साचतो. आणि तयार डेक टाळा, वाक्यं स्वतःच्या कामातली घ्या.